हजार डॉलरचे पत्र आणि वीस हजारांचे पत्र : अमेरिकेतील इन-स्टेट फीचा हिशोब

मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन पत्रे शेजारी-शेजारी ठेवलेली होती. दोन्ही पत्रे सरकारी विद्यापीठांची, दोन्ही विद्यापीठे दुसऱ्या राज्यांतली, आणि दोन्हीकडे भाचीला प्रवेश मिळालेला. पहिल्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिले होते की तिला दरवर्षी २०,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती देण्यात येत आहे. दुसऱ्या पत्रात, जे टेक्सासमधून आले होते, शिष्यवृत्ती होती फक्त १,००० डॉलरची. मात्र तिच्याखाली लहान टाइपात एक वाक्य होते, की या शिष्यवृत्तीच्या आधारे विद्यार्थिनीकडून राज्याच्या रहिवाशांच्या दराने फी घेतली जाईल. घरातल्या सगळ्यांचे डोळे अर्थातच पहिल्या पत्राने दिपले होते. कागद-पेन्सिल घेऊन चार वर्षांचा हिशोब मांडला तेव्हा दुसरे पत्र सुमारे २६ हजार डॉलरने स्वस्त निघाले. हे कसे झाले, ते या लेखात सविस्तर सांगायचे आहे, कारण अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना, आणि पुण्या-मुंबईहून एमएससाठी निघालेल्या मुलामुलींनाही, नेमक्या याच ठिकाणी चुकीची निवड करताना मी पाहिले आहे.

मुळात एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडून वेगवेगळी फी का घेतली जाते, हे आधी समजून घ्यायला हवे. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे केंद्र सरकारची नसतात, ती राज्यांची असतात. राज्याचे विधिमंडळ करदात्यांच्या पैशातून त्यांना अनुदान देते आणि त्या बदल्यात राज्यातील मुलांना कमी दरात शिक्षण मिळावे अशी अपेक्षा ठेवते. हा कमी दर म्हणजे इन-स्टेट ट्यूशन. शेजारच्या राज्यातून आलेल्या मुलाच्या आई-वडिलांनी या राज्यात कर भरलेला नसतो, म्हणून त्याला आउट-ऑफ-स्टेट दर लागतो. हा फरक थोडाथोडका नसतो. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील मुख्य आवारात राज्यातील पदवीपूर्व विद्यार्थ्याची वर्षाची फी साधारण १८ हजार डॉलर आहे, तर बाहेरच्याला ६० हजारांहून अधिक मोजावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून मूळ फीच्या वर एक वेगळी पुरवणी फी घेते. ती २०२४-२५ मध्ये ३४,२०० डॉलर होती आणि २०२५ च्या शरद सत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी ३७,६०२ डॉलर झाली.

आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी डोमिसाईलचा दाखला काढण्यासाठी जी धावपळ होते, तिच्यामुळे रहिवासाची ही कल्पना मराठी पालकांना नवीन नाही. फरक एवढाच की महाराष्ट्रात त्या दाखल्यावर जागांचा कोटा ठरतो, तर अमेरिकेत त्यावर मुख्यतः फी ठरते. पण तिथेच एक गैरसमज होतो. एक वर्ष त्या राज्यात राहिले की आपोआप रहिवासी दर लागू होतो, असे अनेकांना वाटते. बहुतेक राज्यांत बारा महिन्यांची अट असते हे खरे, मात्र ते बारा महिने शिक्षणाखेरीज अन्य कारणासाठी तिथे राहिल्याचे दाखवावे लागते, आणि आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास सहसा आई-वडिलांच्या रहिवासावरून ठरतो. वसतिगृहात काढलेले पहिले वर्ष या हिशोबात धरले जात नाही. मिनेसोटाच्या एका वर्षाच्या अटीला १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली होती. पुढे १९७३ मध्ये कनेक्टिकटच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की एकदा बाहेरचा म्हणून प्रवेश घेतला म्हणजे शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा कायमचा शिक्का राज्याला मारता येणार नाही. विद्यार्थ्याला आपला खरा रहिवास सिद्ध करण्याची संधी द्यावी लागेल. ती संधी कायद्याने आहे, पण सतरा-अठरा वर्षांच्या, आई-वडिलांच्या पैशावर शिकणाऱ्या मुलासाठी ती वाट फार अरुंद आहे. त्यामुळे दुसऱ्या राज्यात शिकायचे आणि तरी फी आटोक्यात ठेवायची, तर व्यवहारात उरणारा मार्ग म्हणजे गुणवत्तेवर मिळणारी सवलत.

ही सवलत विद्यापीठे का देतात, हे स्पष्टपणे सांगणे मला गरजेचे वाटते, कारण ते कळले की पत्र वाचण्याची दृष्टी बदलते. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांच्या अनुदानात हात आखडता घेतला. तूट भरून काढण्यासाठी विद्यापीठांनी बाहेरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळवला. पूर्ण आउट-ऑफ-स्टेट फी भरायला फारसे कोणी तयार होत नाही, पण त्यातून वीस हजार वजा केले तरी उरलेली रक्कम राज्यातील मुलाच्या फीइतकी किंवा तिच्याहून जास्तच असते, आणि शिवाय चांगले गुण असलेला विद्यार्थी वर्गात येतो. अलाबामा विद्यापीठाने ही पद्धत सर्वांत उघडपणे राबवली. शाळेतील ग्रेड आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपूर्व परीक्षांचे गुण यांचा तक्ताच ते प्रसिद्ध करते, आणि त्या तक्त्यात बसणाऱ्या विद्यार्थ्याला ठरलेली शिष्यवृत्ती आपोआप मिळते. आज तिथले अर्ध्याहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी अलाबामाबाहेरचे आहेत. तेव्हा शिष्यवृत्तीचे पत्र हा मुलाच्या कष्टांचा गौरव जरूर आहे, त्याबद्दल पेढे जरूर वाटावेत. पण त्याच वेळी ते एक दरपत्रकही आहे, आणि दरपत्रक वाचावे तसे ते बारकाईने वाचले पाहिजे.

आता त्या दोन पत्रांकडे परत येऊ. समजायला सोपे जावे म्हणून आकडे पूर्ण करून घेतो. समजा दोन्ही विद्यापीठांची राज्यातील फी १२,००० डॉलर आहे आणि बाहेरच्यांची ३६,००० डॉलर. पहिले विद्यापीठ ३६,००० मधून २०,००० वजा करते, म्हणजे पहिल्या वर्षी १६,००० भरायचे. दुसरे विद्यापीठ आधी दर १२,००० वर आणते आणि मग त्यातून १,००० वजा करते, म्हणजे ११,००० भरायचे. पहिल्याच वर्षी पाच हजारांचा फरक पडला. पण खरी मेख पुढे आहे. फी दरवर्षी वाढते, शिष्यवृत्तीचा आकडा मात्र सहसा चार वर्षे तोच राहतो. समजा फी दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली. पहिल्या विद्यापीठात ही वाढ ३६,००० वर मोजली जाते, म्हणजे पहिल्याच वाढीत १,४४० डॉलर, आणि ते सगळे विद्यार्थ्याच्या खिशातून जातात, कारण वीस हजारांत एक डॉलरही वाढत नाही. दुसऱ्या विद्यापीठात तीच वाढ १२,००० वर, म्हणजे ४८० डॉलर. चौथ्या वर्षी पहिल्या ठिकाणी सुमारे २०,५०० डॉलर भरावे लागतात, दुसऱ्या ठिकाणी सुमारे १२,५००. चार वर्षांची बेरीज पहिल्या ठिकाणी जवळपास ७२,९०० आणि दुसऱ्या ठिकाणी जवळपास ४७,०००. बहिणीने ही बेरीज स्वतः दोनदा करून पाहिली आणि मगच पेन्सिल खाली ठेवली.

म्हणून शिष्यवृत्ती किती, हा प्रश्न मागे ठेवून उरते किती, आणि ते उरलेले कोणत्या नियमाने ठरते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. ठरावीक रकमेची शिष्यवृत्ती आणि दरातील सवलत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीत तुम्ही बाहेरचेच राहता आणि तुम्हाला काही पैसे परत मिळतात. दुसरीत फीपुरते तुम्हाला घरचे मानले जाते.

टेक्सासमधील नियम याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, आणि तो एखाद्या विद्यापीठाच्या मर्जीवर नाही, राज्याच्या शिक्षण कायद्यात लिहिलेला आहे. एखाद्या बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शैक्षणिक शिष्यवृत्ती मिळाली, तर तो टेक्सासच्या रहिवाशाच्या दराने फी भरण्यास पात्र ठरतो, मग तो टेक्सासमध्ये किती दिवस राहिला आहे याचा प्रश्न येत नाही. ‘स्पर्धात्मक’ या शब्दाला इथे वजन आहे. ती शिष्यवृत्ती टेक्सासच्या रहिवाशांसह इतर विद्यार्थ्यांशी स्पर्धा करून मिळालेली असली पाहिजे आणि विद्यापीठाने अधिकृत मान्यता दिलेल्या समितीने दिलेली असली पाहिजे. एखाद्या मराठी मंडळाने किंवा वडिलांच्या कंपनीने दिलेले हजार डॉलर चालत नाहीत. शिवाय अशी सवलत किती जणांना द्यायची याला मर्यादा आहे: आदल्या वर्षीच्या त्याच सत्रातील एकूण विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांपर्यंत. म्हणूनच सर्व विद्यापीठे ती सारख्या सढळ हाताने देत नाहीत. काही विद्यापीठे हजार डॉलरच्या कायदेशीर किमान रकमेपेक्षा मोठ्या शिष्यवृत्तीलाच ही सवलत जोडतात, तेव्हा त्या-त्या विद्यापीठाचा चालू वर्षाचा नियम वाचल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये.

या कायद्यातील आणखी एक शब्द आपल्या लोकांसाठी अतिशय मोलाचा आहे. तो नियम फक्त दुसऱ्या राज्यांतील अमेरिकी नागरिकांपुरता नाही. परदेशी नागरिकांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. डॅलस आणि ह्यूस्टनच्या परिसरातील विद्यापीठांत एमएससाठी जाणाऱ्या मराठी मुलामुलींमध्ये ‘हजार डॉलरची स्कॉलरशिप’ हा शब्दप्रयोग परवलीचा का झाला आहे, याचे उत्तर इथे आहे. हजार डॉलर म्हणजे विमानाचे तिकीट, एवढाच अर्थ घरच्यांना वाटतो, पण तिच्यामागे दर वर्षाच्या फीत हजारो डॉलरची कपात येते. आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या कागदावर, दाखवला जाणारा खर्च कमी झाला की बँकेत दाखवावी लागणारी रक्कम आणि शैक्षणिक कर्ज, दोन्ही कमी होतात. टेक्सासमध्ये अर्धवेळ अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून नेमणूक झालेल्यांनाही रहिवाशांचा दर मिळण्याची तरतूद आहे, पण ती नेमणूक पहिल्या सत्रात मिळेलच असे नसते. तेव्हा एमएसला जाणाऱ्याने एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा: ही शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पदवी पूर्ण होईपर्यंतची? पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईवर कर्जाचे गणित बसवायचे आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दराचे बिल यायचे, हा प्रसंग मी एका ओळखीच्या घरात पाहिला आहे, आणि त्या मुलाच्या वडिलांचा फोनवरचा आवाज अजून विसरलेलो नाही.

टेक्सासबाहेर वेगळ्या वाटा आहेत. पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत एक करार केला आहे, ज्याला वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज म्हणतात. त्यात सहभागी असलेल्या विद्यापीठात दुसऱ्या सदस्य राज्यातील विद्यार्थ्याला राज्यातील फीच्या जास्तीत जास्त दीडपट दर लागतो. कॅलिफोर्निया किंवा वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा मार्ग आवर्जून तपासावा, कारण ॲरिझोना, यूटा, कोलोराडो यांसारख्या राज्यांतील बरीच विद्यापीठे त्यात आहेत, जरी प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक विषयासाठी ही सवलत देत नाही आणि पुष्कळ ठिकाणी गुणांची अटही असते. मध्य-पश्चिमेकडील राज्यांत असाच दीडपटीचा कार्यक्रम आहे. दक्षिणेत अकॅडमिक कॉमन मार्केट नावाची योजना आहे, पण ती तुमच्या राज्यात जो अभ्यासक्रम उपलब्ध नाही, त्यासाठीच आहे. तेव्हा संगणकशास्त्रासाठी तिचा फारसा उपयोग होत नाही.

पूर्व किनाऱ्यावरच्या पालकांसाठी मेन राज्याच्या विद्यापीठाने २०१६ पासून सुरू केलेली योजना मला फार प्रामाणिक वाटते. ठरावीक गुण असलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या राज्यातील प्रमुख सरकारी विद्यापीठाच्या फीइतकाच दर लावायचा, अशी ती कल्पना आहे आणि तिच्या यादीत न्यू जर्सी आहे. मात्र इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांची इन-स्टेट फी मुळातच देशातील चढ्या दरांपैकी आहे. त्यामुळे ‘तुमच्या इन-स्टेटइतकी फी’ आणि ‘आमच्या इन-स्टेटइतकी फी’ या दोन वाक्यांत काही हजार डॉलरचे अंतर असू शकते. दक्षिणेतील एखाद्या विद्यापीठाची सवलतीनंतरची फी न्यू जर्सीत घरी राहून भरायच्या फीपेक्षा कमी निघणे अशक्य नाही, आणि भाचीच्या बाबतीत तसेच झाले.

कुठे अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवे. आयव्ही लीग या नामांकित खाजगी विद्यापीठांच्या गटातील आठही विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांची मदत पूर्णपणे कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. एमआयटीचेही तसेच. मिशिगन, किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली आणि लॉस एंजेलिस येथील आवारे अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्यांची रांगच एवढी मोठी असते की दर कमी करून कोणाला बोलावण्याची त्यांना गरज भासत नाही. तिथल्या मोठ्या शिष्यवृत्त्या मोजक्याच मुलांना मिळतात. नॉर्थ कॅरोलिनाच्या सरकारी विद्यापीठाचे चॅपल हिल येथील आवार तर बाहेरच्या राज्यांतील नवे विद्यार्थी १८ टक्क्यांच्या आतच ठेवते. नामांकित नाव आणि राज्यातील फी या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात असा हट्ट धरला, तर यादीतून बहुतेक विद्यापीठे गळून पडतात. शेजारच्यांच्या मुलाने कुठे प्रवेश घेतला, यावर आपली यादी बेतण्याची सवय इथे महागात पडते.

नागरिकत्वाचा प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे, म्हणून त्याबद्दल थोडे थांबून लिहितो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आई-वडिलांची एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरची मुले लहानपणापासून अमेरिकेत वाढतात, पण केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही. ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठी आहे. पीएसएटी परीक्षेच्या गुणांवरून सुरू होणाऱ्या नॅशनल मेरिट या देशपातळीवरील शिष्यवृत्तीच्या स्पर्धेतही नागरिक, किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेले अथवा त्यासाठी अर्ज केलेले आणि नागरिक होऊ इच्छिणारे विद्यार्थीच पात्र धरले जातात. अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीएसएटी सगळेच देतात, पण गुण चांगले मिळूनही पुढचा दरवाजा उघडत नाही, हे मुलाला आधीच समजावून सांगितलेले बरे. बऱ्याच राज्यांत एच-४ वरच्या मुलाला इन-स्टेट दर मिळू शकतो, मात्र एकविसावे वर्ष पूर्ण झाले आणि ग्रीन कार्ड आले नाही, की त्याला बहुधा विद्यार्थी व्हिसावर जावे लागते आणि काही ठिकाणी त्याच क्षणी तो बाहेरचा ठरतो. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे घडते, जेव्हा विद्यापीठ बदलणेही शक्य नसते. अशा मुलासाठी रहिवासावर अवलंबून नसलेली, गुणवत्तेवर मिळालेली दरसवलत ही खरी ढाल आहे.

पत्राच्या मागच्या बाजूला अटी असतात, आणि त्या पुढच्या बाजूपेक्षा महत्त्वाच्या असतात. शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी किती जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, लागतो, दर सत्राला किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमाची एकके, घ्यावे लागतात, ती आठ सत्रांनंतर संपते का, विद्याशाखा बदलली तर टिकते का, हे तपासावे. ३.० आणि ३.५ हे आकडे कागदावर जवळ दिसतात, पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र एकाच सत्रात घेतलेल्या मुलाला त्यांच्यातले अंतर कळते. आणि टेक्सासच्या उदाहरणात हजार डॉलरची शिष्यवृत्ती गेली की तिच्या आधाराने मिळालेला दरही जातो, म्हणजे आपल्या वरच्या हिशोबात एका सत्रातील घसरणीची किंमत वर्षाला पंचवीस हजार डॉलर होते. एक वेळ घसरण झाली तर सावरण्यासाठी एखादे सत्र मिळते का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये.

फीपलीकडे राहणे, जेवण, आरोग्य विमा, पुस्तके आणि सुट्टीत घरी येण्याचा प्रवास हा खर्च राहतोच. गुणवत्ता शिष्यवृत्ती त्याला बहुधा हात लावत नाही. ज्यांना राहण्या-जेवणासहित शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी ध्यानात घ्यावे की फी आणि सक्तीची पुस्तके यांवर खर्च झालेला भाग करमुक्त असतो, राहण्या-जेवणाचा भाग मात्र करपात्र उत्पन्न धरला जातो.

शोध घ्यायचा तर दहावीच्या सुट्टीपासून घ्यावा. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारा गणक, असतो. २०११ पासून तो केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. याहून उपयोगी आणि पालकांना कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे कॉमन डेटा सेट, विद्यापीठाची आकडेवारी ठरावीक नमुन्यात देणारे माहितीपत्रक. पुष्कळ विद्यापीठे तो दरवर्षी प्रसिद्ध करतात, आणि त्यातील ‘एच’ विभागात आर्थिक गरज नसतानाही किती नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली व तिची सरासरी रक्कम किती होती, हे दिलेले असते. ती सरासरी राज्यातले आणि बाहेरचे मिळून काढलेली असते, हे ध्यानात ठेवूनच वाचावी. अर्जाची तारीख मात्र प्रवेशाच्या अंतिम तारखेपेक्षा वेगळी असू शकते: अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीचा विचार नोव्हेंबर किंवा डिसेंबरपर्यंत आलेल्या अर्जांचाच होतो, आणि जानेवारीत अर्ज करणाऱ्याला प्रवेश मिळतो, पण शिष्यवृत्ती मिळत नाही.

निर्णय कळवण्याची सर्वसाधारण तारीख १ मे. तोपर्यंत विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला ईमेल लिहून शंका विचारता येतात, दुसऱ्या विद्यापीठाचे पत्र जोडून फेरविचाराची विनंतीही करता येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. भाचीने टेक्सासच्या विद्यापीठाला एकच ओळ लिहून विचारले होते: इन-स्टेट दर चारही वर्षे लागू राहील का, आणि त्यासाठी नेमके काय करावे लागेल? तिसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात जीपीएची अट, क्रेडिटची अट आणि आठ सत्रांची मर्यादा स्पष्ट लिहिलेली होती. बहिणीने ते छापून काढले आणि तिच्या पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवले.